जुन्या पारदर्शिकांचे जतन आणि घरगुती स्कॅनर

(व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत, माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाच्या तळच्या खणात, एक पेटी वर्षानुवर्षे पडून असते. कोठे तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, तर कोठे प्लॅस्टिकच्या लहान लहान डब्यांची चळत. आत पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटी दाटीने बसविलेल्या असतात. प्रत्येक चौकट दोन इंच लांब व दोन इंच रुंद. तिच्या मध्यभागी ३६ मिलिमीटर लांबीचे व २४ मिलिमीटर रुंदीचे एक पारदर्शक रंगीत चित्र. यांनाच परिभाषेत पारदर्शिका आणि नित्याच्या बोलण्यात स्लाइड म्हणतात. घरातील तरुण पिढीला ही पेटी अडगळ वाटते. ती उघडून पाहावी तर पाहण्याचे साधन घरात उरलेले नसते. ज्यांनी ही चित्रे टिपली ते एक तर हयात नसतात, किंवा ऐंशीच्या पुढे गेलेले असतात. मग इमारतीचा पुनर्विकास निघतो, बिऱ्हाड हलविण्याची घाई होते आणि पेटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते.

या पेटीचे मोल कळण्यासाठी साधे छायाचित्र आणि स्लाइड यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. साध्या छायाचित्राची मूळ प्रत म्हणजे निगेटिव्ह. अल्बममधील चित्र हरवले तरी निगेटिव्हवरून दुसरे काढता येते. शिवाय लग्नमुंजीच्या चित्रांची एखादी प्रत आत्याकडे किंवा मामाकडे हमखास निघते. स्लाइडची गोष्ट तशी नाही. कॅमेऱ्यात जी फिल्म होती, तीच उलट प्रक्रियेने धुऊन, कापून चौकटीत बसविलेली असते. १९६३ साली सिंहगडाच्या पुणे दरवाजातून परतणारा प्रकाश ज्या फिल्मवर पडला, नेमकी तीच फिल्म साठ वर्षांनंतर नातवाच्या चिमटीत असते. प्रयोगशाळेत नक्कल करून घेण्याची सोय त्या काळी होती. परंतु तिचा खर्च पाहता घरगुती स्लाइडांच्या वाट्याला ती क्वचितच आली. तेव्हा एक स्लाइड गेली म्हणजे ते दृश्य जगातून गेले.

पडद्यावरच्या संध्याकाळी

काचेवरील चित्र प्रकाशाच्या साहाय्याने पडद्यावर मोठे करून दाखविणे ही कला महाराष्ट्राला नवी नव्हती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने हाताने रंगविलेल्या काचांचे खेळ दाखविले आणि त्यांच्या पुत्रांनी ते पुढे चालविले. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जुलै १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखविण्यात आली, त्याच्याही आधीपासूनची ही गोष्ट आहे.

रंगीत छायाचित्रणाची फिल्म मात्र बरीच नंतर आली. कोडॅक कंपनीची ‘कोडाक्रोम’ ही फिल्म १९३५ मध्ये प्रथम चलच्चित्रांसाठी आणि १९३६ मध्ये साध्या कॅमेऱ्यांसाठी बाजारात आली. तिचे संशोधक लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघेही व्यवसायाने संगीतकार, एक पियानोवादक व दुसरा व्हायोलिनवादक होते, हे सांगितले तर अनेकांना नवल वाटेल. जर्मनीतील आग्फा कंपनीची रंगीत फिल्मही १९३६ मध्येच आली. आपल्याकडे असली फिल्म बाहेरून येत असे आणि ती जपून वापरली जाई. छत्तीस चित्रांची एक गुंडाळी घेतली की तिच्यात गणपतीही येत, महाबळेश्वरही येई आणि धाकट्याचा पहिला वाढदिवसही. आज दूरध्वनीच्या कॅमेऱ्याने एका जेवणाची चाळीस चित्रे काढणाऱ्यांना तो संयम समजणे अवघड आहे.

अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्यानंतर मराठी डॉक्टर व अभियंते त्या देशात मोठ्या संख्येने जाऊ लागले. सुट्टीत घरी येताना त्यांच्या सामानात स्लाइडांचा डबा असे. बाहेरच्या खोलीत दिवे मालवून, भिंतीवर पांढरे धोतर किंवा पलंगपोस ताणून बांधून, शेजारपाजारच्या मंडळींसमवेत बर्फातील घर आणि नवी मोटार पाहिली जाई. परतताना हीच मंडळी येथील वाडे, अंगणे आणि माणसे कॅमेऱ्यात भरून नेत. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या वाडीचे सर्वांत जुने रंगीत चित्र आज न्यू जर्सीतील तळघरात असणे मुळीच अशक्य नाही.

घरांच्या बाहेरही स्लाइडांचा वापर मोठा होता. वैद्यकीय महाविद्यालयांतून रोगलक्षणे, कृषी शिक्षणातून पिकांवरील किडी, कला महाविद्यालयांतून अजिंठ्यापासून फ्लॉरेन्सपर्यंतची चित्रकला ही स्लाइडांवरूनच शिकविली जाई. चित्रपटगृहांत मध्यंतराच्या वेळी गावातील कापडदुकानांच्या जाहिराती आणि त्यांच्याच पाठोपाठ शासकीय संदेश झळकत, ते स्लाइडांच्याच रूपाने.

आता या चित्रांत जे आहे ते पुष्कळसे जमिनीवर राहिलेले नाही. मुंबईतील ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. कोयना, जायकवाडी, उजनी या धरणांच्या जलाशयांत कितीतरी गावे बुडाली. उजनीच्या पाण्यात गेलेले पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी ओसरले की वर दिसते, परंतु त्याभोवतीची घरे, पार आणि बाजार कोणत्याही उन्हाळ्यात वर येत नाहीत. अशा गावात पाणी चढण्यापूर्वी एखाद्या हौशी अभियंत्याने किंवा शिक्षकाने चार स्लाइडा टिपल्या असतील, तर त्या गावच्या माणसांना आपली वेस दाखविणारा तेवढाच आधार शिल्लक आहे.

रंग, बुरशी आणि यंत्रे

स्लाइडचे चित्र म्हणजे जिलेटिनच्या थरातील तीन रंगद्रव्ये : पिवळे, किरमिजी आणि निळसर हिरवे. ही रंगद्रव्ये अमर नाहीत. उष्णतेने व प्रकाशाने ती विटतात आणि तिन्ही सारख्या वेगाने विटत नाहीत. पुष्कळ जुन्या फिल्मांतील निळसर हिरवे द्रव्य आधी क्षीण होते व सारे चित्र तांबूस दिसू लागते. कोडाक्रोमची घडण वेगळी असल्यामुळे अंधारात ठेवलेली तिची चित्रे आश्चर्य वाटावे इतकी ताजी राहतात. पण तीच प्रक्षेपकाच्या प्रखर दिव्यापुढे वारंवार धरली तर इतर काही फिल्मांहून लवकर फिकी पडतात. यात एक दैवदुर्विलास असा की, जी स्लाइड घरात सर्वांत आवडती, तीच सर्वांत अधिक वेळा दाखविली गेलेली, आणि म्हणून तीच सर्वांत विटलेली असते.

आपल्या हवेत याहून मोठा शत्रू बुरशी. जिलेटिन हे प्राणिज द्रव्य असल्याने बुरशीला ते उत्तम खाद्य ठरते. कोकणात व मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवेतील आर्द्रता तिच्या वाढीस हवी तेवढी असतेच. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे चित्रावर पसरतात आणि मुळासकट थरात उतरतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत बुरशीचा त्रास कमी, मात्र पत्र्याच्या छपराखालील उन्हाळा रंगांना घातक. आणि एकाएकी येणाऱ्या आपत्तीचाही विचार हवाच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबई आणि परिसरातील तळमजल्यांवरच्या घरांतून कागदपत्रे व छायाचित्रे किती वाहून गेली याची गणती कोण करणार?

यंत्रेही काळाच्या पडद्याआड चालली आहेत. ऐंशी स्लाइडांचे गोल तबक फिरविणारा कोडॅकचा सुप्रसिद्ध प्रक्षेपक १९६१ मध्ये आला आणि २००४ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. कोडाक्रोम फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. ती धुणारी जगातील शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावी होती, तिने ३० डिसेंबर २०१० नंतर फिल्म स्वीकारली नाही. एखाद्या जुन्या कॅमेऱ्यात या जातीची न धुतलेली गुंडाळी सापडलीच, तर तिच्यातून कृष्णधवल चित्रे कदाचित मिळतील, रंग मिळणार नाहीत.

आरंभ माणसापासून

या परिस्थितीवर उपाय म्हणून स्कॅनरच्या साहाय्याने स्लाइडांची अंकीय प्रत करून ठेवणे आज सामान्य कुटुंबाच्याही आवाक्यात आले आहे. परंतु बहुतेक उत्साही मंडळी आरंभ चुकीच्या टोकाकडून करतात. आधी स्कॅनर विकत घेतला जातो, त्याच्या गुणावगुणांची महिनाभर चर्चा होते, आणि चित्रे तयार झाल्यावर कोणी तरी विचारतो, “यातले हे कोण?” तोवर उत्तर देणारी व्यक्ती कधी कधी निघून गेलेली असते. रंग विटण्यास दशके लागतात. स्मरणशक्ती एका आजारपणात जाते. म्हणून पहिले काम यंत्राचे नव्हे. घरातील ज्येष्ठांजवळ बसण्याचे आहे.

यासाठी फारशी सामग्री लागत नाही. संगणकाचा किंवा दूरध्वनीचा पडदा पांढरा करून त्याच्यापुढे स्लाइड धरली आणि हाती एक भिंग दिले की पुरे. स्लाइडचा क्रमांक मोठ्याने उच्चारावा आणि आजी-आजोबा जे बोलतील ते दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित करावे. वहीत टिपून घेण्याच्या नादात बोलणाऱ्याची तार तुटते, हा सर्वांचा अनुभव आहे. परीक्षेप्रमाणे “हे कोण, ते कोण” असे विचारू नये. नाव आठवले नाही की वृद्ध माणूस ओशाळतो व गप्प होतो. “हा ओटा कोणाच्या घराचा?”, “त्या दिवशी जेवायला काय होते?” असे आडवळणाचे प्रश्न अधिक फलदायी ठरतात. ओट्यावरून घर निघते, घरावरून बिऱ्हाडकरू निघतात आणि मागच्या रांगेतील टोपीवाल्याचे नाव मग न विचारता येते. दोन भावंडांनी एकाच चित्राची दोन वेगळी साले सांगितली तर वाद मिटविण्याच्या भरीस पडू नये. दोन्ही साले, सांगणाऱ्याच्या नावासह, नोंदवावीत.

चौकटीवरील लेखन हा दुसरा साक्षीदार. पुठ्ठ्याच्या कडेला बारीक अक्षरात “माई, नाशिक, गंगेवर” एवढेच लिहिलेले असते. पण ते अक्षर कोणाचे हेही त्या घराला मोलाचे. स्कॅनर केवळ मधले चित्र उचलतो, चौकट सोडून देतो. म्हणून स्कॅनिंगपूर्वी प्रत्येक चौकटीची पुढची व मागची बाजू साध्या कॅमेऱ्याने टिपून ठेवावी. पुष्कळ पुठ्ठ्यांवर महिना व साल छापलेले आढळते. ती तारीख फिल्म धुतल्याची असते, चित्र काढल्याची नव्हे. मे महिन्यातील लग्नाची फिल्म परदेशी जाणाऱ्या पाहुण्याबरोबर धुवायला पाठविली असेल, तर तिच्यावर सप्टेंबरचा शिक्का असू शकेल. एवढ्या एका गैरसमजाने कुटुंबाचा इतिहास चार महिने पुढे सरकतो.

डब्यातील क्रमही मोडू नये. बहुधा तो कॅमेऱ्यातील क्रम असतो, आणि अनोळखी चित्राची ओळख त्याच्या मागच्या-पुढच्या चित्रांवरून पटते. चौकटीवर मऊ पेन्सिलीने क्रमांक घालावा. शाईचे पेन वापरू नये.

धूळ झाडण्याचे शास्त्र

स्कॅनिंग म्हटले की सर्वांचे लक्ष यंत्राकडे जाते, परंतु निम्मे काम सफाईचे आहे. धुळीचा अतिसूक्ष्म कण मूळ चित्रात डोळ्यांना दिसतही नाही. तेच चित्र संगणकाच्या पडद्यावर पसरले की तो कण एखाद्याच्या कपाळावर टिळ्यासारखा बसतो. काम सुरू करताना पंखा बंद करावा. खोली आदल्या दिवशी झाडून ओल्या फडक्याने पुसून घेतलेली असावी. हात स्वच्छ व कोरडे असावेत आणि स्लाइड नेहमी चौकटीला धरावी. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणाऱ्या रबरी फुग्याने दोन्ही बाजूंवर हवा मारावी, हट्टी कण मऊ केसांच्या कुंचल्याने हलकेच काढावा. तोंडाने फुंकर मारणे हा आपला जन्मजात उपाय येथे वर्ज्य. फुंकरीबरोबर थुंकीचे सूक्ष्म थेंब जातात व त्यांचे डाग कायम राहतात. चष्मा पुसण्याचे फडकेही दूर ठेवावे.

बुरशी लागलेल्या स्लाइडला पाणी लावणे ही तर आत्महत्याच म्हटली पाहिजे. बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळू लागते, आणि पुसणाऱ्याच्या देखत चित्र कापसावर उतरते. अशा स्लाइडा आधी वेगळ्या काढून कोरड्या जागी ठेवाव्यात, जशा आहेत तशा स्कॅन करून घ्याव्यात, आणि रासायनिक सफाईचे काम जाणकाराकडे सोपवावे. या सर्व कामाला दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात डबा उघडा ठेवून बसणे म्हणजे बुरशीला आमंत्रण होय.

यंत्राची निवड व वापर

कचेरीतील कागदपत्रांचा साधा स्कॅनर या कामी चालत नाही. तो कागदावरून परतलेला प्रकाश टिपतो. स्लाइडमधून प्रकाश आरपार जावा लागतो. त्यासाठी झाकणातही दिवा असलेला सपाट काचेचा स्कॅनर लागतो, किंवा केवळ फिल्मसाठी बनविलेले लहान यंत्र. पहिल्यात तीनचार किंवा अधिक स्लाइडा एकदम बसतात आणि घरातील इतर कागद व छायाचित्रेही त्यावर होतात. दुसऱ्यात बहुधा एकेक स्लाइड घालावी लागते, मात्र बारकावे अधिक स्पष्ट येतात. स्वस्तात मिळणारी तिसऱ्या प्रकारची चिमुकली पेटी वस्तुतः स्कॅनर नसून दिव्यासमोर बसविलेला साधा कॅमेरा असते. ओळख पटविण्यापुरती नक्कल हवी असेल तर ती ठीक. जतनासाठी तिच्यावर विसंबू नये.

विक्रेते प्रति इंच बिंदूंची संख्या मोठ्या अक्षरात छापतात. या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही. प्रति इंच २४०० बिंदूंनी स्कॅन केल्यास एका स्लाइडमधून सुमारे ७७ लाख बिंदूंचे चित्र मिळते, ४००० ने केल्यास सुमारे २ कोटी १४ लाखांचे. खोक्यावर ६४०० लिहिलेले सपाट काचेचे यंत्र प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही बारकावे वेगळे करू शकत नाही. बाकीचे बिंदू नुसती जागा अडवितात. खात्री करून घेण्याची सोपी रीत अशी : ज्या स्लाइडमध्ये एखाद्या दुकानाची पाटी दिसते ती २४००, ३२०० व ४८०० अशी तीनदा स्कॅन करावी. पाटीवरील अक्षरे ज्या आकड्यानंतर अधिक स्पष्ट होत नाहीत, तेथे थांबावे.

त्याच पाटीचा आणखी एक उपयोग. स्लाइडची एक बाजू चकचकीत व दुसरी किंचित मंद असते. ती उलटी बसली तर डावे-उजवे बदलते आणि पदर भलत्याच खांद्यावर जातो. अक्षरे सुलटी वाचता आली म्हणजे बाजू बरोबर. पुठ्ठ्यातील फिल्म मध्यभागी फुगून वाकली असेल तर चित्र मध्ये स्पष्ट व कडेला अस्पष्ट येते. अशी स्लाइड दोन दिवस सपाट ठेवून पुन्हा प्रयत्न करावा. काचेत बंद केलेल्या जुन्या स्लाइडांवर इंद्रधनुषी कडी उमटतात. ती फिल्म व काच यांच्या स्पर्शामुळे दिसतात, तो चित्राचा दोष नव्हे.

चांगल्या यंत्रांत धूळ व ओरखडे आपोआप पुसण्याची सोय असते. यंत्र अवरक्त किरणांनी एक वेगळे चित्र घेते. रंगद्रव्यांतून ते किरण आरपार जातात, धूळ मात्र त्यांना अडविते. या फरकावरून धुळीच्या जागा समजतात आणि तेथले चित्र आजूबाजूच्या रंगाने भरून काढले जाते. सोय मोठी उपयुक्त, परंतु सर्वत्र नव्हे. कृष्णधवल फिल्ममधील चांदी अवरक्त किरणांना अडवीत असल्याने यंत्राला सारे चित्रच धूळ वाटते. कोडाक्रोमच्या बाबतीतही गडद भागांतील बारकावे असेच पुसले जाण्याचा धोका असतो. अशा वेळी ही सोय बंद ठेवून रबरी फुग्याकडे परत यावे.

स्लाइडमधील सावल्या फार दाट असतात. त्यातील माणूस हरवू नये म्हणून प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी ६५,५३६ छटा टिपण्याची तरतूद यंत्रात असेल तर ती वापरावी, आणि ही मूळ प्रत ‘टिफ’ या स्वरूपात, काहीही न सुधारता, राखावी. २४०० बिंदूंच्या हिशेबाने अशी एक प्रत सुमारे ४६ मेगाबाइटची होते. हजार स्लाइडांना ४६ गिगाबाइट, म्हणजे एका ६४ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर मावतील एवढ्या. जागा महाग राहिलेली नाही. वेळ महाग आहे. सफाई, स्कॅनिंग व नोंद धरून एका स्लाइडला चार मिनिटे लागली तरी हजारांना सुमारे सदुसष्ट तास होतात. रोज एक तास दिला तर दोन महिन्यांहून अधिक. म्हणून आधी माणसांची व नाहीशा झालेल्या ठिकाणांची चित्रे घ्यावीत. ताजमहालाची बारा चित्रे उरलीच तर कोणाचे अडणार नाही.

सुधारणेची मर्यादा

विटलेले रंग मूळ प्रतीवरून काढलेल्या दुसऱ्या प्रतीत सुधारण्यास हरकत नाही. तांबूस झालेल्या चित्रातही तिन्ही रंगद्रव्यांचा थोडा अंश शिल्लक असतो व संगणकावर त्यांचा तोल पुन्हा साधता येतो. फिकट आकाशातून एखाद्या डोंगराची कड पुन्हा वर येताना पाहणे हा या कामातील मोठा आनंद. मात्र हौसेला लगाम हवा. १९६५ मधील आषाढी आकाश मांडवाच्या कापडासारखे निळेशार करून टाकले, तर ते चित्र काय सांगणार?

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रणाली अस्पष्ट चेहरे क्षणात रेखीव करून देतात. त्यांच्या बाबतीत अधिक सावध राहिले पाहिजे. फिल्ममध्ये जो बारकावा नव्हताच तो या प्रणाली शोधून काढीत नाहीत; हजारो इतर चेहऱ्यांच्या अभ्यासावरून तो नव्याने रचतात. पणजीच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच कोणाचे डोळे बसतात, आणि पुढची पिढी तेच पणजीचे डोळे समजते. असे चित्र करावयाचेच असेल तर त्याच्या नावातच तसा स्पष्ट उल्लेख असावा.

नावे, प्रती आणि मूळ पेटी

संगणकातील चित्राला यंत्र जे क्रमांकवजा नाव देते ते तसेच ठेवणे म्हणजे हजार पोत्यांवर एकच चिठ्ठी लावणे होय. आधी साल, मग डब्याचा क्रमांक, मग स्लाइडचा क्रमांक व शेवटी दोनतीन शब्दांत स्थळ किंवा व्यक्ती, अशी सरळ पद्धत ठेवावी. साल अंदाजाचे असेल तर ‘सुमारे’ लिहिण्यास संकोच करू नये. ज्येष्ठांचे ध्वनिमुद्रणही त्याच क्रमांकांनी त्याच ठिकाणी ठेवावे. नोंदींची एक यादी कागदावर छापून डब्यात घालावी. वीज गेली तरी ती वाचता येते.

तयार संग्रहाच्या निदान तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी. बहीण नागपूरला असेल तर तिच्याकडे एक हार्ड डिस्क जावी. दरवर्षी एकदा प्रत्येक साधन उघडून पाहावे. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी आपली चित्रे सीडीवर भरून निश्चिंत मनाने कपाटात ठेवली, त्यांपैकी अनेकांना आज ती वाचता येत नाहीत. कोठे तबकडी खराब झाली, कोठे ती वाचणारा भाग संगणकातूनच नाहीसा झाला.

याच कारणाने, स्कॅनिंग पुरे झाले म्हणून मूळ स्लाइडा टाकून देऊ नयेत. अंकीय प्रत पाहण्यास यंत्र लागते. स्लाइड खिडकीतील उजेडात धरली तरी दिसते. शिवाय आजच्यापेक्षा चांगला स्कॅनर उद्या येईल तेव्हा त्याला देण्यासाठी मूळ फिल्म हवीच. त्या माळ्यावर परत न चढविता घरातील थंड, कोरड्या, आतल्या खोलीत ठेवाव्यात. चिकट होणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाकाव्यात, डांबराच्या गोळ्या जवळ ठेवू नयेत, आणि सिलिका जेलची पुडी डब्यात घालून ती ओल धरू लागली की बदलावी.

एक प्रश्न मात्र घराच्या भिंतींबाहेर जातो. ज्या स्लाइडांत गावची वेस, बाजार, शाळा, यात्रा, धरणापूर्वीची नदी आहे, त्यांची नक्कल गावच्या वाचनालयाला, स्थानिक महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा जिल्ह्यातील संग्रहालयाला देता येईल. देताना नोंदींची यादी बरोबर द्यावी, चित्र कोणी काढले ते लिहावे, आणि ज्यांची खाजगी क्षणांची चित्रे आहेत त्यांची किंवा त्यांच्या वारसांची संमती घ्यावी. पुनर्वसित गावांच्या बाबतीत हे काम अधिक तातडीचे आहे. बुडालेल्या गावातून तरुणपणी बाहेर पडलेली माणसे आता पंचाहत्तरीच्या पलीकडे आहेत. नव्या गावठाणातील शाळेच्या भिंतीवर एका संध्याकाळी ही चित्रे दाखविली, तर कोणते घर कोणाचे आणि विहिरीकडे जाणारी वाट कोठून फुटत होती, हे सांगणारे चार जण तेथे अजून भेटतील. ध्वनिमुद्रणाचे यंत्र तेवढे आधी सुरू करून ठेवावे.